दोन जुने फोन : कुणाच्या हाती कुठला?

आपण गृहिणी वस्तू पारखून घेण्यात कुणाला हार जाणाऱ्या नाही. तांब्याची कळशी घ्यायची तर टिचकी मारून नाद ऐकतो. साडीचा पदर उलगडून उजेडात धरतो. आमच्या खानदेशात भरताची वांगी घेताना प्रत्येक वांगं तळहातावर तोलून बघतात, कारण हलकं वांगं म्हणजे बिया कमी आणि गर जास्त. बामणोदची असोत की बांधावरची, तोलल्याशिवाय पिशवीत पडत नाहीत. मात्र फोनचा विषय निघाला की आपण लगेच म्हणतो, “बाई, मला त्यातलं काही कळत नाही. हे जो देतील तो.” आणि मग घरातल्या सगळ्यांचा वापरून झालेला, कुणालाच नको असलेला फोन आपल्या हाती येतो.

जुना फोन वापरण्यात कमीपणा मुळीच नाही. उलट चांगली वस्तू कपाटात पडून राहण्यापेक्षा कामी आलेली बरी. माझं म्हणणं एवढंच की तो पारखून घ्यावा, आणि ती पारख आपली आपण करावी. त्यात अवघड असं काही नाही. मी बी.ए. झालेली, शाळेत अर्धवेळ मराठी शिकवणारी बाई. यंत्रातलं माझं ज्ञान मिक्सरचं पातं बदलण्यापुरतं. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी दोन जुन्या फोनमधून एक निवडायची वेळ आली, तेव्हा वही-पेन्सिल घेऊन बसले आणि आठ दिवसांत बरंच उमगलं. तेच तुमच्यापुढे मांडते आहे.

प्रश्न काय होता?

माझं माहेर धुळ्याचं, सासर जळगावचं. धुळ्याच्या माझ्या वहिनी घरी ब्लाउज शिवतात, फॉल-पिको करतात. हात इतका सुबक, की लग्नसराईत त्यांना जेवायला फुरसत नसते. पण त्यांच्याकडे होता तो बटणांचा साधा फोन. गिऱ्हाईक ब्लाउजच्या गळ्याचा फोटो पाठवणार तो दादाच्या फोनवर. शिलाईचे पैसे येणार तेही दादाच्याच फोनवर. दादा दिवसभर दुकानात. संध्याकाळी तो घरी आला की वहिनींना कळायचं, कुणाचे पैसे आले आणि कुणाला बोटनेक हवा होता. वहिनी एकदा हसत म्हणाल्या, “ताई, शिवते मी, आणि टिंग वाजतं तुमच्या दादांच्या खिशात.”

हसत म्हणाल्या खऱ्या, पण माझ्या मनात ते राहून गेलं. दादा काही पैसे अडवणारा नव्हे. तरी स्वतःच्या कमाईचा आकडा दुसऱ्याला विचारावा लागणं वेगळं आणि आपल्या डोळ्यांनी बघणं वेगळं. शिवाय हल्ली सगळा कारभार मोबाईल नंबरावर येऊन ठेपला आहे. बँकेचा ओटीपी असो, आधारचा असो, गॅसचा असो. २०२४ साली मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना सुरू झाली, महिना १५०० रुपये थेट बाईच्या खात्यात. २०२५ मध्ये त्या योजनेसाठी ई-केवायसी करायची वेळ आली, तेव्हा आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येऊ लागला. त्या दिवसांत कितीतरी जणींना पहिल्यांदाच शोध लागला, की आपल्या आधारला जोडलेला नंबर आपला नाहीच. तो मुलाचा आहे, दिराचा आहे, नाहीतर कधीच बंद पडलेल्या सिमकार्डाचा.

तेव्हा वहिनींना स्वतःचा फोन हवा हे ठरलं. नवा घ्यायचा तर चांगला म्हणावा असा दहा हजारांच्या खाली मिळणं कठीण, आणि साठवलेले पैसे त्यांना पिकोच्या मशीनसाठी हवे होते. आमच्या घरी मात्र दोन फोन कपाटात होते. एक आमच्या ह्यांचा, एक धाकट्या दिरांचा. दोघांनीही नवे घेतलेले. हे म्हणाले, “एक वहिनींना दे, दुसरा विकून टाकू.” म्हणजे निवड माझ्यावर आली.

आधी कामं, मग फोन

दुकानात शिरण्यापूर्वी आपण किराणा मालाची यादी करतो ना? फोनचंही तसंच करावं. फोन कसा आहे हे नंतर बघावं. आपल्याला त्याच्याकडून काय करून घ्यायचं आहे ते आधी लिहावं. वहिनींना फोनवरून विचारून मी यादी केली ती अशी :

१. बोलणं स्पष्ट ऐकू येणं. मशीनच्या खडखडाटातसुद्धा.
२. व्हॉट्सॲपवर डिझाइनचे फोटो घेणं, आपल्या शिवणाचे पाठवणं.
३. पैसे घेणं-देणं, आणि खात्यातला आकडा बघणं.
४. यूट्यूबवर नवं कटिंग बघणं.
५. दिवसभर चार्जिंग पुरणं.
६. पडला, आपटला तर दुरुस्ती परवडणं.

गेम नाही, सिनेमा नाही, भारी कॅमेरा नाही. यादी झाली की निम्मं काम झालं. कारण दुकानदार आणि घरातली तरुण मंडळी ज्या गोष्टींवर तासन्‌तास वाद घालतात, त्यातल्या निम्म्या आपल्या यादीत नसतातच.

दोघांची ओळख

पहिला दिरांचा रेडमी नोट ८. हा आपल्याकडे ऑक्टोबर २०१९ मध्ये आला. चार जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण असलेल्या फोनची तेव्हाची किंमत ९,९९९ रुपये. दिरांचा तोच आहे. दुसरा ह्यांचा सॅमसंग गॅलक्सी एम३१. हा फेब्रुवारी २०२० मध्ये आला, किंमत पंधरा हजारांच्या घरात. त्यात सहा जीबी रॅम. (त्याच वर्षी १ एप्रिलपासून मोबाईलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून १८ झाला आणि सगळेच फोन महागले, ते आठवत असेल.) म्हणजे वयानं दोघं जवळजवळ बरोबरीचे, चार-पाच महिन्यांचं अंतर. वजनही सारखंच, १९० ग्रॅमच्या आसपास. दोघांत दोन सिमं बसतात आणि मेमरी कार्डाची जागा वेगळी आहे. इअरफोनची गोल खाच दोघांनाही आहे. बोटाचा ठसा ओळखायची जागा दोघांच्याही पाठीवर.

दोघंही ४जी आहेत. ५जी आपल्या देशात सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला, त्याच्या आधीची ही पिढी. पण त्यानं अडतं का? फोटो, व्हिडिओ कॉल, पैशांचा व्यवहार या कामांना ४जी पुरून उरतं. तेव्हा निव्वळ ५जी नाही म्हणून चांगला फोन टाकून देऊ नये.

आकड्यांचा अर्थ

आता फरकाकडे वळू.

पडदा : एम३१ चा पडदा ॲमोलेड जातीचा, ६.४ इंची. काळा रंग अगदी काळा दिसतो, इतर रंगही खुलून दिसतात आणि उन्हात जास्त चांगलं वाचता येतं. नोट ८ चा पडदा एलसीडी, ६.३ इंची. तोही स्वच्छ आहे, पण शेजारी ठेवले तर पहिला उजवा वाटतो. एक मात्र ध्यानात ठेवावं : पडदा फुटला तर ॲमोलेड बदलायचा खर्च साधारणपणे एलसीडीपेक्षा बराच जास्त येतो. दिसायला भारी ते दुरुस्तीलाही भारी!

कॅमेरा : एकाचा ४८ मेगापिक्सेल, दुसऱ्याचा ६४. हे आकडे ऐकून दिपून जाऊ नये. नेहमीचा फोटो काढताना दोन्ही फोन चार-चार ठिपके एकत्र करून एक ठिपका बनवतात. म्हणजे हाती येतो तो १२ आणि १६ मेगापिक्सेलचा फोटो. मी एकच जरीकाठाचा ब्लाउज खिडकीच्या उजेडात ठेवून दोन्हींनी टिपला आणि शेजारणीला दाखवला. कुठला कुणाचा ते तिला ओळखता आलं नाही. कॅमेऱ्यापेक्षा उजेडाचं महत्त्व जास्त, हा त्यातला धडा.

रॅम : याला ओट्याची उपमा द्यावी. ओटा मोठा असला की एका वेळी चार भांडी मांडून काम होतं. लहान असला की एक उचलायचं, दुसरं ठेवायचं. सहा जीबीचा ओटा मोठा. पण वहिनींच्या यादीतली कामं चार जीबीतही होतात, थोडं थांबावं लागतं इतकंच.

साठवण : ६४ जीबी म्हणजे कोठी. दोन्ही फोनमध्ये कार्डाची वेगळी सोय असल्यामुळे इथे फरक पडत नाही. मात्र ‘सुप्रभात’ची फुलं रोज पुसायची सवय लावून घ्यावी, नाहीतर कुठलीही कोठी भरतेच.

अँड्रॉइड : हा फोनचा मूळ कारभारी. नोट ८ ला कंपनीनं अँड्रॉइड ११ पर्यंत नेलं, एम३१ ला १२ पर्यंत. दोघांनाही आता कंपनीकडून सुरक्षेची नवी डागडुजी मिळत नाही. व्हॉट्सॲप आणि बँकांची ॲप काही वर्षांनी फार जुन्या अँड्रॉइडवर चालेनाशी होतात. ११ आणि १२ वर ती आज चालतात. त्यातही १२ वाल्याला पुढे थोडं आयुष्य जास्त. म्हणून कुणी तुम्हाला याहून जुना, अँड्रॉइड ७ किंवा ८ वरचा फोन देऊ लागलं, तर गोड बोलून नकार द्यावा.

उन्हाळा आणि बॅटरी

जुन्या फोनचा जीव असतो बॅटरीत, आणि आमच्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांना सहज जाऊन भिडतो. फोनमधली लिथियम-आयन बॅटरी उष्णतेनं लवकर म्हातारी होते. साधारण पाचशे वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की तिची ताकद मुळाच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते, असा ढोबळ हिशेब धरतात. ऊन-तापात त्याहून लवकर.

नोट ८ ची बॅटरी ४००० एमएएच, एम३१ ची ६०००. आता गंमत बघा. एम३१ ची बॅटरी तीस टक्के थकली असं धरलं तरी ४२०० उरते, म्हणजे नोट ८ च्या कोऱ्या बॅटरीपेक्षाही जास्त! याची दुसरी बाजू म्हणजे मोठी टाकी भरायला वेळही जास्त. एम३१ चं चार्जिंग १५ वॉटचं, पूर्ण व्हायला अडीच तासांच्या आसपास लागतात. नोट ८ चं १८ वॉटचं आणि बॅटरी लहान, त्यामुळे तो लवकर भरतो. दिरांनी मागच्या वर्षी त्याची बॅटरी बदलूनही घेतली होती. आठ दिवस मी दोन्ही आलटून पालटून वापरले. एम३१ सकाळी भरला की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकायचा. नोट ८ रात्री झोपेपर्यंत.

उन्हाळ्यासाठी चार सूचना. बिबड्या-पापड वाळत घालताना फोन गच्चीच्या कठड्यावर ठेवू नये. स्कूटरच्या डिकीत, गॅसजवळच्या फडताळात ठेवू नये. उशीखाली ठेवून चार्ज करू नये. आणि रोज शून्यापर्यंत उतरवून शंभरपर्यंत चढवण्यापेक्षा वीस आणि ऐंशीच्या दरम्यान ठेवला तर बॅटरी जास्त दिवस टिकते.

वहिनींच्या हिशेबातला जास्तीचा रकाना

माझी वही भरली. पडदा, रॅम, बॅटरी, अँड्रॉइड या चार रकान्यांत एम३१ पुढे. लवकर चार्ज होणं आणि स्वस्त दुरुस्ती या दोन रकान्यांत नोट ८ पुढे. शिवाय नोट ८ ला टीव्ही-एसीच्या रिमोटसारखा वापर करायची सोय आहे, तो वरचा गुण. दिसायला मात्र तो अगदी गरीब. दिरांच्या हातून जिन्यावरून पडून त्याच्या पाठीच्या काचेला एका कोपऱ्यातून तडा गेलेला. बेरीज सरळ होती : वहिनींना एम३१ द्यावा.

आखाजीला माहेरी गेले ती दोन्ही फोन पर्समध्ये घेऊनच. जळगावहून एरंडोल, पारोळा करत एसटी धुळ्याला पोचते तोवर मी मनात सगळं समजावून सांगायची तयारी करून ठेवली होती. जेवणं झाल्यावर वहिनींपुढे दोन्ही ठेवले आणि वही वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकलं. दोन्ही फोन हातात घेऊन बघितले. दोन्हींवरून आईशी बोलून बघितलं. आणि तडा गेलेला नोट ८ उचलून म्हणाल्या, “ताई, मला हा द्या.”

मी म्हटलं, “अहो वहिनी, तो दुसरा सगळ्या बाबतीत वरचढ आहे!”

“म्हणूनच नको,” त्या म्हणाल्या. “तो माझ्याकडे राहणार नाही. पोरगा नववीत आहे. चांगला फोन दिसला की ‘आई, पाच मिनिटं’ म्हणून नेईल, तो रात्रीपर्यंत देणार नाही. ह्यांना कुठे बाहेर जायचं झालं की म्हणतील, तुझा चांगला आहे, तो दे. मग मी परत होते तिथंच. हा फुटका कुणी मागणार नाही. हा माझाच राहील.”

मैत्रिणींनो, हा रकाना माझ्या वहीत नव्हता, आणि कुठल्याही दुकानाच्या पाटीवरही तो लिहिलेला नसतो. फोन ‘आपला’ राहणं. त्यात आपलं खातं, आपली गिऱ्हाइकं, आपले हिशेब. तो दुसऱ्याच्या हातात गेला की नुसतं यंत्र जात नाही, दिवसाची कमाईही अडकते. वहिनींच्या बाकीच्या कारणांतही तथ्य होतं. त्या दिवसभर घरात, मशीनशेजारीच बटण आहे, तेव्हा चार्जिंगची अडचण नाही. आणि शिवताना फोन मांडीवरून घसरून फरशीवर पडणार हे ठरलेलंच, तेव्हा पडद्याची स्वस्त दुरुस्ती त्यांच्या दृष्टीनं मोठी गोष्ट.

तडा गेलेल्या काचेनं बोट कापू नये म्हणून आग्रा रोडवरून जाड रबरी कव्हर आणलं. आता कव्हरात तो तडा दिसतही नाही. पण वहिनी घरात कुणाला ते बोलून दाखवत नाहीत!

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बँकेत जाऊन खात्याला त्यांचा नंबर जोडायला अर्ज दिला. आधारचा नंबर आधार केंद्रावर जाऊन बदलून घेतला. मग पैशांचं ॲप सुरू केलं. ते सुरू होताना फोनमधल्या सिमवरून आपोआप एक मेसेज बँकेकडे जातो. म्हणून खात्याला जोडलेलं सिम त्याच फोनमध्ये असावं लागतं, हे लक्षात ठेवा. पहिल्यांदा शिलाईचे पैसे त्यांच्या फोनवर आले, तेव्हा दादाच म्हणाला, “चला, माझा हिशेबनिसाचा ताप गेला!”

आणि दुसरा फोन?

विकायचा म्हणून ह्यांनी गोलाणी मार्केटमध्ये विचारून बघितलं. मिळणारे पैसे ऐकून हे गप्पच बसले. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की घरात एक गरजू माणूस आहेच. माझ्या सासूबाई पारोळ्याकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या. नणंदबाई सुरतला. व्हिडिओ कॉल आला की सासूबाई ह्यांच्या फोनकडे लांबून बघत म्हणायच्या, “माले काही दिसत नही, तुम्हीच बोला.”

सॅमसंगच्या फोनमध्ये ‘इझी मोड’ म्हणून सोय असते. सेटिंगमध्ये तो चालू केला की चित्रं आणि अक्षरं मोठी होतात, पडद्यावरची गर्दी कमी होते. मी एम३१ वर तो चालू केला, भाषा मराठी केली आणि पहिल्याच पानावर फक्त चार चेहरे ठेवले : नणंद, दोन मुलगे आणि डॉक्टर. मोठा उजळ पडदा आणि मोठी बॅटरी हे गुण इथे कामी आले, कारण सासूबाईंना चार्जिंगची आठवण राहत नाही. पैशांचं कुठलंही ॲप त्यात ठेवलं नाही. त्या रात्री लेकीशी बोलून झाल्यावर म्हणाल्या, “आते माले पोरीनं तोंड नीट दिसनं.” ज्याची किंमत दुकानात काहीच नव्हती, त्यानं घरात एवढं काम केलं.

बाहेरून घेणार असाल तर

सगळ्यांच्याच घरात दीर-भाऊ फोन ठेवून जात नाहीत. जुना फोन दुकानातून किंवा ओळखीतून घ्यायचा असेल, तर या गोष्टी तिथल्या तिथे करून बघा :

• फोनवर *#०६# दाबा. पंधरा आकडी नंबर दिसेल, दोन सिम असतील तर दोन नंबर. हा फोनचा जन्मदाखला, याला आयएमईआय म्हणतात. खोक्यावरचा आणि बिलावरचा नंबर हाच आहे ना, ते बघा.
• आपल्या मोबाईलवरून इंग्रजी मोठ्या अक्षरांत केवायएम, मग जागा सोडून तो पंधरा आकडी नंबर लिहून १४४२२ वर मेसेज करा. ‘काळ्या यादीत’ किंवा ‘आधीच वापरात’ असं उत्तर आलं, तर फोन कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. २०२३ पासून सरकारचं ‘संचार साथी’ संकेतस्थळ आहे, तिथेही हे तपासता येतं. हरवलेला फोन पोलिसांतल्या तक्रारीसह तिथे नोंदवून बंदही करता येतो.
• सॅमसंगमध्ये *#०*# आणि रेडमीमध्ये *#*#६४८४#*# दाबलं की तपासणीचं पान उघडतं. पडद्याचे रंग, स्पर्श, आवाज एकेक करून बघता येतात. (हे सगळे आकडे फोनच्या नेहमीच्या पाटीवरचेच दाबायचे.)
• फोन टेबलावर पालथा-उताणा ठेवून बघा. पाठ फुगलेली किंवा पडदा वर उचलल्यासारखा वाटला, तर बॅटरी फुगली आहे. तो फोन घरात आणूच नका.
• आपलं सिम घालून दोन मिनिटं बोला. समोरच्याला आपला आवाज येतो का ते विचारा. चार्जर लावून, वायर हलवून बघा.
• बॅटरी किंवा पडदा बदलायचा झाला तर किती पैसे पडतील, ते घेण्याआधीच दोन दुकानांत विचारा. फोनची किंमत अधिक दुरुस्ती, ही खरी किंमत.
• मूळ मालकाचं गुगल खातं त्याच्याच हातून काढून घ्या. नाहीतर फोन कोरा केल्यावर तो जुनं खातं आणि पासवर्ड मागतो, आणि आपण बसतो दारात किल्ली हरवल्यासारख्या.

हाती आल्यावर

पहिलं काम, फोन पूर्ण पुसून कोरा करणं. जुन्या मालकाचे फोटो, नंबर, ॲप काहीही शिल्लक नको. आपल्या फोनचं तसंच. आपला जुना फोन कुणाला देण्याआधी फोटो काढून घ्या, व्हॉट्सॲप नव्या फोनवर न्या, पैशांचं ॲप काढा, सिम आणि कार्ड काढा आणि मग तो कोरा करा.

दुसरं, कुलूप. बोटाचा ठसा आणि सहा आकडी पिन. जन्मतारीख नको, लग्नाची तारीखही नको. ती घरात सगळ्यांना पाठ असते. यूपीआयचा पिन वेगळा ठेवा.

तिसरं फार महत्त्वाचं. जुन्या फोनला सुरक्षेची डागडुजी मिळत नसल्यामुळे आपण जास्त जपून राहायचं. ॲप फक्त प्ले स्टोअरवरूनच घ्यायचं. व्हॉट्सॲपवर ‘लग्नपत्रिका’, ‘गाडीचा दंड’ अशा नावानं एपीके फाइल आली तर ती उघडायचीच नाही, पाठवणारी मामेबहीण असली तरी. मोठी शिल्लक एका खात्यात आणि यूपीआय दुसऱ्या लहान खात्याला, अशी वाटणी करावी. वहिनींचं तसंच केलं आहे. आणि एक वाक्य देवघराजवळ लिहून ठेवावं : पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो देण्यासाठीच लागतो. कुणी “पैसे पाठवतो, पिन टाका” म्हणालं की फोन ठेवून द्यावा. तरीही फसगत झालीच, तर लाजत बसू नका. लगेच १९३० ला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

शेवटी एवढंच. दोन फोनमधला चांगला कुठला, असं कुणी विचारलं तर आकड्यांवरून उत्तर देता येतं. पण आपल्याला निवडायचा असतो तो रोजच्या वापरासाठी, आणि रोज म्हणजे आपल्या घरातला रोज : आपली माणसं, आपलं काम, आपला उन्हाळा, आपली फरशी. तेव्हा यादी आपण करा, तपासणी आपण करा आणि निवडही आपणच करा. तुमच्या कपाटाच्या खणात एखादा फोन पडून असेल, तर या रविवारी काढून चार्जिंगला लावून बघा. आणि तुमच्या आसपास एखादी वहिनी, एखादी जाऊ, एखादी भांडीवाली मावशी अजून दुसऱ्याच्या फोनवरून आपला पगार विचारत असेल, तर तो तिच्या हाती द्या. सोबत तासभर बसून तो वापरायला शिकवा. नुसता फोन देऊन काम अर्धंच होतं.